तोंडात कुंचला, ओठांवर रोबो

रोबो हा शब्द कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला असं कुणी विचारलं, तर बिनधास्त सांगा की प्रयोगशाळेत नाहीच. तो जन्मला एका चित्रकाराच्या खोलीत, तोही अर्धवट पुटपुटलेला.

१९२० च्या सुमाराची गोष्ट. कारेल चापेक हा चेक लेखक नाटक लिहीत होता आणि त्यातल्या कृत्रिम कामगारांना काय नाव द्यावं ते सुचत नव्हतं. 'लाबोरी' डोक्यात होतं, पण ते त्याला फारच पुस्तकी वाटे. मग गेला भावाकडे. भाऊ योसेफ चित्र रंगवण्यात गर्क, तोंडात कुंचला धरलेला. कुंचला न काढताच तो काहीतरी पुटपुटला, आणि ते होतं 'रोबोट'. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. म्हणजे अस्सल मराठीत रोबो हा वेठबिगार झाला! त्यापुढे आपला 'यंत्रमानव' फारच सुटाबुटातला वाटतो.

२५ जानेवारी १९२१ रोजी 'आर. यू. आर.' प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात आलं. गंमत म्हणजे त्यातले रोबो लोखंडाचे नव्हतेच. रसायनांतून घडवलेले, दिसायला थेट माणसासारखे. पत्र्याचं अंग, छातीवरची बटणं, डोक्यावरचा अँटेना हा सगळा साज पुढच्या कलावंतांनी चढवला.

लांबी भरलेली मारिया

त्या साजातला सगळ्यात गाजलेला दागिना १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटात आहे. पडद्यावर लखलखणारी ती धातूची बाई, म्हणजे मारिया, धातूची नाही. शिल्पकार वाल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फ यांनी नटी ब्रिगिटे हेल्मच्या अंगाचा साचा घेतला आणि लाकडाच्या लगद्यापासून चिलखत घडवलं. सुतार भेगा बुजवायला लांबी भरतात ना, त्यातलाच प्रकार. वरून रुपेरी रंग फवारला की झाला धातू.

या मारियाचा भाऊ शोभेल असा 'स्टार वॉर्स'मधला सोनेरी सी-थ्रीपीओ. चित्रकार राल्फ मॅकक्वारी यांनी १९७५ मध्ये तो कल्पनेत रंगवला, तो तिच्याकडे बघूनच. नट अँथनी डॅनियल्सला रोबोच्या भूमिकेत काडीचा रस नव्हता. भेटीला गेला तो नाक मुरडतच. तिथे ते चित्र नजरेस पडलं आणि गडी विरघळला. पुढे जवळपास प्रत्येक भागात आत तोच.

बापाचं नाव सांगणारी बाहुली

रोबो काढणाऱ्यांइतकेच चित्र काढणारे रोबो मजेदार, आणि ते शब्दाहून दीडशे वर्षांनी थोरले. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयात झाके-द्रो पितापुत्रांनी अठराव्या शतकात घडवलेलं एक पोरगं बसलेलं आहे. अंगात सुमारे २,००० भाग. पेन्सिलीने चार वेगवेगळी चित्रं काढतं, त्यांत एक कुत्रा आणि एक राजा पंधरावा लुई. मधेच थांबून कागदावर फुंकर मारून भुकटीही उडवतं! माणसाने यंत्राला कौशल्य शिकवलं हे ठीक, पण ती फुंकर सुचणारा खरा कलावंत.

त्याच्याच कुळातलं दुसरं प्रकरण अमेरिकेतलं. १९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे आगीत होरपळलेल्या पितळी यंत्राचे तुकडे आले. देणाऱ्या घराण्याची समजूत अशी की हे माल्झेल नावाच्या कारागिराचं काम. कुणीतरी चिकाटीने ते जुळवलं, चावी दिली. बाहुली एकामागून एक चार चित्रं आणि तीन कविता कागदावर उतरवत गेली. शेवटच्या कवितेच्या चौकटीत फ्रेंचमध्ये लिहिलं होतं की हे लिहिणारं यंत्र मायार्दे यांचं. शंभराहून अधिक वर्षांनी लेकराने स्वतःच्या हस्ताक्षरात बापाचं नाव सांगितलं.

(आपल्या गणपतीतल्या हलत्या देखाव्यांना मात्र कुणी रोबोटिक आर्ट म्हणत नाही. एक मोटर, एक पट्टा, आणि रात्रभर उघडमीट करणारा बकासुराचा जबडा. कुणीतरी म्हणायला हवं.)

रस्ता ओलांडताना जपून

कोरियन कलावंत नाम जून पाइकने १९६४ मध्ये 'के-४५६' हा रोबो बनवला. नाव मोत्सार्टच्या एका रचनेच्या क्रमांकावरून. तो चालायचा, केनेडींचं भाषण वाजवायचा आणि चालता चालता मागून कडधान्याचे दाणे टाकायचा. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या भर रस्त्यात पाइकने त्याला ठरवून एका मोटारीखाली घातलं, आणि एकविसाव्या शतकातला पहिला अपघात म्हणून तो जाहीर केला. शतक उजाडायला अठरा वर्षं बाकी होती.

खऱ्या एकविसाव्या शतकातली भानगड वेगळी. २०२१ मध्ये 'ऐ-दा' ही चित्रकार रोबो पिरॅमिडजवळच्या प्रदर्शनासाठी इजिप्तला पोचली, आणि कस्टम्सने हेरगिरीच्या संशयावरून तिला दहा दिवस अडकवून ठेवलं. अडचण होती ती तिच्यातल्या मोडेमची आणि डोळ्यांतल्या कॅमेऱ्यांची. मोडेम काढता येतो, डोळे कसे काढणार?

रडवणारा हात

सन युआन आणि पेंग यू या चिनी जोडीने २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी कारखान्यातला एक रोबो हात घेतला. काम एकच: आजूबाजूला पसरणारं रक्तासारखं लाल द्रव फावड्याने परत ओढून आत ठेवायचं. त्याला ३२ हालचाली शिकवलेल्या होत्या, त्यांत खाज सुटल्यासारखं खाजवणंही होतं. पुढे त्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या आणि जगभरचे लोक हळहळले: ते द्रव म्हणजे त्याचं रक्त, ते संपत आलं आणि २०१९ मध्ये बिचारा मेला! प्रत्यक्षात हात विजेवर चालायचा, द्रव होतं रंगवलेलं पाणी, आणि २०१९ मध्ये संपलं ते व्हेनिसचं प्रदर्शन. पण एकदा डोळे पाणावले की वायरिंग कोण तपासतो?

मार्चचा मार्च

याच इंटरनेटवर रोबोवेड्या चित्रकारांची एक बिरादरीही जमली. अमेरिकन चित्रकार जेक पार्करने २००९ मध्ये स्वतःचा हात सुधारावा म्हणून ऑक्टोबरभर रोज शाईने एक चित्र काढलं आणि त्यातून 'इंकटोबर' उभा राहिला. त्याच वाटेवर डाकोस्टा बेली या चित्रकाराने 'मार्च ऑफ रोबोट्स' सुरू केला. मार्च महिना आणि कूच, दोन्ही अर्थ एका शब्दात; मराठीतही श्लेष जसाच्या तसा टिकतो. नियम एवढाच की रोज एक रोबो काढायचा आणि सगळ्यांना दाखवायचा.

हे जमतं त्याचं कारण विषयातच आहे, असं मला वाटतं. माणसाचा हात काढताना बोटं चुकली की सगळ्यांना दिसतं. रोबोला सात बोटं असली तर ती त्याची खासियत! डालड्याच्या डब्याला दोन डोळे काढले की नवखाही व्यावसायिकाच्या शेजारी बसू शकतो. विषय एक, पण चेहरे शेकड्यांनी, आणि लाजण्यासारखं काही नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मात्र चित्रकारांच्या जगात खडाजंगी झाली. एआयने बनवलेली चित्रं 'आर्टस्टेशन' या व्यासपीठावर झळकू लागल्यावर कलावंतांनी त्याचं मुखपृष्ठ एकाच निषेधचित्राने भरून टाकलं: 'एआय' या अक्षरांवर लाल काट. आयुष्यभर प्रेमाने रोबो काढणाऱ्यांपैकीही कित्येकांना आता रोबोच आपल्या खुर्चीवर बसलेला दिसत होता.

पुढचा मार्च आला तशी फौज पुन्हा निघाली, हाताने काढलेली. मीही एका वर्षी सामील झालो होतो. ३१ दिवसांचं कूच, माझ्याकडून निघाले सात. आठव्याच्या वाट्याला फक्त अँटेना आला, आणि तो अजून वहीच्या पानावर उरलेल्या अंगाची वाट बघत उभा आहे.