किडनीच्या आजारात हिमोग्लोबिन का वाढत नाही?

"डॉक्टर, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी हिमोग्लोबिन वाढत नाही." किडनीचा जुना आजार असलेले रुग्ण ही तक्रार नेहमी करतात. याचे एक मोठे कारण किडनीतच असते.

लाल रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात. तिथल्या कोवळ्या पेशींना जिवंत राहण्यासाठी सतत एक संदेश लागतो. तो देणारे प्रथिन म्हणजे एरिथ्रोपोएटिन, आणि ते मुख्यतः किडनी बनवते. हे प्रथिन पेशीवरील रिसेप्टरला जोडले गेले की पेशीच्या आत मृत्यू रोखणारी प्रथिने वाढतात. संदेश मिळाला नाही, तर पेशी स्वतःला संपवते. यालाच अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. किडनी निकामी होऊ लागली की हा संदेश अपुरा पडतो आणि अनेक पेशी पूर्ण वाढ होण्याआधीच मरतात.

अशा वेळी एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन उपयोगी पडते. मात्र शरीरात लोह कमी असेल तर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही, म्हणून आधी लोहाची तपासणी करतात. तसेच हिमोग्लोबिन १३ च्या वर नेण्याचा आग्रह धरू नये. त्याने पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. इंजेक्शन चालू असताना रक्तदाब नियमित तपासा आणि डोस स्वतःहून बदलू नका.