क्यूबाच्या चौकातले इंटरनेट

क्यूबाची इंटरनेटशी पहिली जोडणी झाली ती १९९६ साली, उपग्रहामार्फत. आणि पुढील दीड दशक एक कोटीहून अधिक वस्तीचे ते बेट त्याच अरुंद व महागड्या वाटेने जगाशी बोलत राहिले. फ्लोरिडाचा किनारा हाकेच्या अंतरावर असूनही तेथून समुद्रतळाची तार आणणे अमेरिकेच्या आर्थिक नाकेबंदीमुळे दुरापास्त होते. पण हवानातील सत्ताधाऱ्यांच्या मनातही या नव्या माध्यमाविषयी धास्ती होती, हे तितकेच खरे आहे, आणि एकाच पक्षावर सारा दोष ढकलणाऱ्यांनी हा इतिहास अर्धाच वाचलेला असतो. अखेर व्हेनेझुएलाहून निघालेली आल्बा-१ ही केबल २०११ च्या फेब्रुवारीत सांतियागो दे क्यूबाजवळच्या किनाऱ्याला लागली. तिचे फळ सामान्य माणसाच्या पदरी पडायला मात्र २०१३ चा जून उजाडला. त्या महिन्यात एटेक्सा या सरकारी कंपनीने, जिच्याकडे देशातील साऱ्या दूरसंचाराचा मक्ता होता आणि आजही आहे, ११८ केंद्रे उघडून तासाला साडेचार परिवर्तनीय पेसो, म्हणजे तितकेच डॉलर, असा दर मुक्रर केला.

डिसेंबर २०१४ मध्ये बराक ओबामा आणि राऊल कास्त्रो या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिका व क्यूबा यांच्यातील संबंध पूर्ववत करण्याची घोषणा केली आणि वातावरण सैल झाले. २०१५ च्या आरंभी काचो या नावाने परिचित असलेल्या कलावंताने आपल्या हवानातील कलाकेंद्रातली जोडणी, कंपनीच्या संमतीने, सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आणि तेथे तरुणांची रीघ लागली. त्याच वर्षी १ जुलैपासून सरकारने देशभरातील ३५ उद्याने, चौक आणि हमरस्ते निवडून तेथे सार्वजनिक वायफाय सुरू केले. दर तासाला दोन पेसो. पूर्वीच्या निम्म्याहून कमी असला, तरी महिन्याला पंचवीस-तीस डॉलर वेतन मिळवणाऱ्या सरकारी नोकराला एका तासापोटी जवळजवळ दोन दिवसांच्या कमाईवर पाणी सोडावे लागे.

व्यवहार असा चाले. कंपनीच्या खिडकीपुढे रांग लावून, ओळखपत्र दाखवून कार्ड घ्यायचे. त्यावरचा मुलामा नखाने खरवडला की खालून आकड्यांच्या दोन लांबलचक रांगा निघत, त्या फोनवर बिनचूक भरल्या म्हणजे घटका मोजण्यास प्रारंभ होई. बोलणे आटोपल्यावर १.१.१.१ हा पत्ता लिहून जोडणी आपणहून तोडावी लागे. जो हे विसरे, त्याची उरलेली मिनिटे निष्कारण जळून जात. खिडकीवरची कार्डे संपली की तीच कार्डे कोपऱ्यावरचा दलाल तीन पेसोंना विकी. कोणी कल्पक तरुण लॅपटॉपवर एकाच कार्डाची जोडणी अनेकांत वाटून प्रत्येकाकडून एक पेसो घेई. नियमांच्या चौकटीत हे बसणारे नव्हते, परंतु टंचाईच्या राज्यात जगणाऱ्या माणसांच्या या हिकमतीला मी अपराध म्हणणार नाही.

हवानातील वेदादो भागातला ला राम्पा हा उताराचा रस्ता या काळात सगळ्यात गजबजला. संध्याकाळ झाली की कठड्यांवर, पायऱ्यांवर, झाडांच्या बुंध्यांशी माणसे दाटीने बसत, आणि मायामीत किंवा माद्रिदमध्ये स्थायिक झालेल्या मुलाला, नातवंडाला आयएमओ या व्हिडिओ-कॉलच्या ॲपवर डोळे भरून पाहत. ज्यांनी एसटीडी बूथमध्ये, बाहेर ताटकळलेल्या रांगेचे भान ठेवून, परगावच्या आप्तांशी बोलणे उरकले आहे त्यांना त्या संकोचाची कल्पना येईल. पण बूथला निदान काच असे, येथे सुखदुःखाचा एक एक शब्द शेजारच्या अनोळखी माणसाच्या कानांवर पडत होता. वर्षानुवर्षे ताटातूट झालेली कुटुंबे उघड्या रस्त्यावर, पदपथाच्या दगडावर बसून एकमेकांना भेटली, ही या योजनेची माझ्या मते सर्वांत थोर फलश्रुती होय, आणि ती योजना आखणाऱ्यांच्या आराखड्यात कितपत होती याविषयी मला शंका आहे.

चौकापर्यंत जाणेही ज्यांना परवडत नव्हते त्यांनी स्वतंत्र तजवीज केली होती. चित्रपट, मालिका, बातम्या, संगीत यांनी भरलेली सुमारे एक टेराबाइटची ‘पाकेते’ दर आठवड्याला हार्डडिस्कवरून घरोघर फिरे. हवानातील तरुणांनी तर गच्चीगच्चीवरून तारा ओढून, अँटेना उभारून ‘एसनेट’ नावाचे स्वतःचे जाळे विणले होते. जगाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. राजकारणाची चर्चा तेथे वर्ज्य होती, आणि ते बंधन सदस्यांनीच कसोशीने पाळले होते. तरीही २०१९ च्या नव्या नियमावलीने हे जाळे सरकारी यंत्रणेत विलीन करून टाकले. शहाण्या शासनाने अशा लोकांना हाताशी धरले असते.

पुढे वायफायचे दर दीड पेसोवर आणि मग एका पेसोवर उतरले, काही घरांत जोडणी पोहोचली, आणि ६ डिसेंबर २०१८ पासून मोबाइलवर थ्रीजी सेवा मिळू लागल्यावर चौकातली दाटी विरळ झाली. तथापि मक्ता एकाच हाती राहिला. ११ जुलै २०२१ रोजी सान आंतोनियो दे लोस बान्योस येथे लोक रस्त्यावर उतरले, त्याची चित्रे फोनवरून थेट देशभर पसरली आणि गावोगाव निदर्शने झाली, तेव्हा सेवा खंडित करायला एका कंपनीचा हुकूम पुरला. समाजमाध्यमे त्यानंतरही काही दिवस रोखलेली होती. चौकात सवलत म्हणून मिळालेली वस्तू हक्क झालेली नव्हती. मे २०२५ अखेर एटेक्साने महिन्याला ३६० साध्या पेसोंच्या (परिवर्तनीय नव्हे) भरण्याची मर्यादा घालून त्यापुढच्या डेटासाठी कित्येक पटींचा दर लावला. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी उघड निषेध केल्यावर कंपनीने त्यांच्यापुरती सवलत जाहीर केली, दर मात्र मागे घेतले नाहीत.