डिलाईल रोडवर माणसाच्या दोन जाती होतील का?

मागच्या एपिसोडनंतर आलेल्या व्हॉइस नोट्समध्ये बऱ्याच जणांनी एकच विचारलं: ‘ऑल टुमॉरोज’वर कधी बोलणार? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे तुर्की चित्रकार सी. एम. कोसेमन यांचं २००६ चं पुस्तक. क्यू नावाचे परग्रहवासी माणसाच्या जनुकांत हात घालतात आणि त्याचे भलतेच प्राणी करून टाकतात. चित्रं बघून झोप उडते, खरंय. पण तिथे बदल बाहेरचं कोणीतरी करतं. मला त्याहून जुनं पुस्तक जास्त घाबरवतं, कारण त्यात माणूस स्वतःच स्वतःचे दोन तुकडे करतो.

एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’, १८९५. नायक थेट ८,०२,७०१ सालात पोचतो. जमिनीवर एलॉय राहतात, नाजूक, गोंडस, फळं खाणारे, काहीच काम न करणारे. जमिनीखाली मॉरलॉक, पांढुरके, मोठ्या डोळ्यांचे, अंधारात यंत्रं चालवणारे. नायकाचा अंदाज असा की हे मालक आणि कामगारांचे वंशज आहेत. आणि रात्री मॉरलॉक वर येऊन एलॉयना खातात!

वेल्सला हे सुचलं कुठून? तो थॉमस हक्सलीकडे जीवशास्त्र शिकला होता, हे एक. दुसरं म्हणजे त्याची आई ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या बड्या घरात हाऊसकीपर होती, आणि तिथे नोकरांच्या ये-जा करायला जमिनीखालून बोगदे होते.

आता डिलाईल रोडवर या. कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग. (कामगार पुढाऱ्याचं नाव दिलेल्या रस्त्यावर आज काचेचे टॉवर आहेत, असो.) आमची बीडीडी चाळ शंभर वर्षांपूर्वीची, खोली १६० चौरस फुटांची. आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपापर्यंत. माझा मावसभाऊ आज एका टॉवरच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये पंप आणि जनरेटर बघतो. बारा तासांची ड्यूटी, वर जायला सर्व्हिस लिफ्ट वेगळी. पावसाळ्यात तो आठवडाभर ऊनच बघत नाही. त्याला मी ‘टाइम मशीन’ची गोष्ट सांगितली तर म्हणाला, “मग मी कोणाला खायचं ते सांग.”

तर प्रश्न असा, की हे असंच चालू राहिलं तर खरंच दोन प्रकारची माणसं होतील का?

एक गैरसमज आधी काढू. अंधारात काम केलं म्हणून पोरांचे डोळे मोठे होत नाहीत. आजोबांनी तीस वर्षं कापसाची धूळ छातीत घेतली, शेवटी जिना चढताना तीनदा थांबायचे. पण वडिलांच्या फुप्फुसात तो कापूस वारशाने आला नाही. उत्क्रांतीचं चाक फिरतं ते कोणाला किती मुलं होतात आणि किती जगतात, यावर.

आणि दोन वेगळ्या जाती व्हायच्या तर त्या दोन गटांत मुलंच होता कामा नयेत, हजारो पिढ्या. इथेच गाडी अडते. गणित सांगतं की दर पिढीला सरासरी एखादी व्यक्ती जरी इकडून तिकडे गेली, तरी निव्वळ योगायोगाने पडणारं अंतर फारसं वाढत नाही. निअँडरथल माणूस आपल्यापासून काही लाख वर्षं वेगळा राहिला होता, तरी भेट झाल्यावर मुलं झाली. आपल्या सगळ्यांत त्याचा एक-दोन टक्के डीएनए आहे. वेल्सने आठ लाख वर्षं दिली, पंचवीस वर्षांची पिढी धरली तर बत्तीस हजार पिढ्या. माणूस तेवढ्या काळात एकदाही प्रेमात पडणार नाही, हे मला त्या टाइम मशीनपेक्षा अशक्य वाटतं.

पण थांबा. भिंत बांधून लग्नं रोखायचा प्रयोग जगात कोणी चिकाटीने केला असेल तर तो आपण. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात स्पीशीजला ‘जाती’ असंच म्हटलंय ना? तेव्हा आम्ही मागच्या बाकावर हसायचो.

हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलं की भारतात साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात वेगवेगळे लोक भरपूर मिसळत होते. नंतर ते मिसळणं जवळजवळ बंद झालं, म्हणजे सत्तर-ऐंशी पिढ्या झाल्या. त्यातून नवी जीवशास्त्रीय ‘जाती’ झाली का? अजिबात नाही. पण २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत मूळच्या थोड्याच पूर्वजांचा ठसा फार ठळक निघाला, फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक. असं झालं की तोच दोष आईकडूनही येतो आणि बापाकडूनही, आणि दुर्मिळ आजार त्या एका समाजात दुर्मिळ राहत नाहीत. एका समाजात तर काही जणांच्या शरीरातून ऑपरेशनच्या वेळी दिलेलं स्नायू सैल करणारं औषध लवकर उतरतच नाही, श्वास परत यायला तासन्‌तास लागतात.

म्हणजे ८,०२,७०१ ची वाट बघायला नको. एलॉय-मॉरलॉक होत नाहीत, आजारी मुलं होतात.

हे सगळं आज का सांगतोय, तर तो बेसमेंटवाला मावसभाऊ. त्याचं लग्न ठरलंय, त्यानेच ठरवलंय. मुलगी त्याच टॉवरच्या अकराव्या मजल्यावर अकाउंट्सला आहे. घरात पहिला प्रश्न आजीचा होता: “आपल्यातली आहे का?” नाहीये. तीन आठवडे आजी त्याच्याशी बोलली नाही. मी तिला निअँडरथल समजावायला गेलो, तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

परवा भाऊ रात्रपाळीहून आला तेव्हा तिने भिंतीकडे बघत विचारलं, त्या पोरीला बांगडा चालतो का. चालतो म्हणाला. रविवारी बोलावलंय.