ज्येष्ठ नागरिक आणि आरोग्यसेवेतील डिजिटल दरी

आरोग्यसेवेतील डिजिटल दरीची चर्चा होते तेव्हा ज्येष्ठांना तंत्रज्ञान अवगत नसते, हे कारण सर्रास पुढे केले जाते. ते अपुरे आहे. दरी किती रुंद राहावी, हे बऱ्याच अंशी सेवेची रचनाच ठरविते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. या वयोगटाचे कोविड लसीकरण १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा ‘को-विन’वरील नोंदणीसोबत केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदविण्याचीही सोय होती. शिवाय एका मोबाइल क्रमांकावर चार व्यक्तींची नोंद करता येत असे. अनेक घरांत मोबाइल मुलाच्या वा सुनेच्या हाती असतो, हे वास्तव येथे जमेस धरले गेले. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला मात्र प्रारंभी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात डिजिटल दरीचा जो प्रश्न उपस्थित केला, तो या तरुण गटाच्या संदर्भात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘ई-संजीवनी’ या दूरवैद्यक सेवेची दोन रूपे आहेत. एकात रुग्ण घरूनच मोबाइलद्वारे डॉक्टरांशी बोलतो. दुसऱ्यात तो गावच्या आरोग्य केंद्रात जातो आणि तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याची दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतो. ज्येष्ठांना दुसरे रूप सोयीचे, कारण यंत्र हाताळण्याचा भार त्यांच्यावर पडत नाही.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाद्वारे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळू लागले. त्यासाठी आधारची पडताळणी लागते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो. आयुष्यभर शेतात वा घरकामात राबलेल्या बोटांचे ठसेही झिजलेले असतात. अशा वेळी पडताळणीचा एक मार्ग खुंटला तर दुसरा खुला हवा, आणि तो दाखविणारा माणूस जवळ हवा.

प्रश्न केवळ प्रवेशाचाही नाही. ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्याला आजाराचीही माहिती होते. मूत्रविकार, विस्मरण किंवा घरात होणारी आबाळ वृद्ध व्यक्ती नातवाच्या मोबाइलवरून, त्याच्या देखत, डॉक्टरांना सहसा सांगत नाही. अशा सल्ल्यात रक्तदाब आणि गुडघेदुखी यांचीच नोंद होते.