कापड, दोरा आणि सुई : निवडीचा क्रम

शिवणयंत्राच्या सुयांविषयी विद्यार्थ्यांस जे कोष्टक पाठ करावे लागते, त्यात एका बाजूस कापडाचे नाव व दुसऱ्या बाजूस सुईचा क्रमांक असतो. कोष्टक चुकीचे नव्हे. परंतु त्यातून मधली एक पायरी गळलेली असते. कापडावरून दोरा ठरावा आणि दोऱ्यावरून सुई, असा वास्तविक क्रम आहे. प्रत्यक्ष कामात तो पुष्कळदा उलटा होतो : यंत्रात जी सुई बसलेली आहे तीच राहते, रीळ रंग जुळेल ते घेतले जाते, आणि कापडास ते सोसावे लागते.

आकड्यांचा घोळ प्रथम दूर केला पाहिजे. सुईच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. पैकी ९० म्हणजे सुईच्या पात्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, म्हणजेच ०.९० मिलिमीटर, १४ हा त्याच सुईचा जुना क्रमांक. आकडा वाढला की सुई जाड होते. दोऱ्याच्या रिळावरील क्रमांकाचे मात्र नेमके विपरीत आहे. तेथे आकडा वाढला की दोरा बारीक होतो. नवशिक्यांची निम्मी फसगत येथेच होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

सुई दोऱ्यावर का अवलंबून असावी, हे टाका कसा पडतो ते पाहिल्यास कळते. सुई तळाशी जाऊन किंचित वर येते, तेव्हा नेढ्यापाशी दोऱ्याचा लहानसा फास उभा राहतो. शटलचे टोक त्यात शिरले तरच टाका पडतो. सुईच्या एका अंगास असलेली लांब खाच खाली उतरणाऱ्या दोऱ्यास आश्रय देते. दोरा त्या खाचेत मावत नसेल तर तो कापडावर घासतो, पिंजतो व तुटतो. उलट सुई फार जाड असेल तर छिद्र मोठे राहते, फास नीट उभा राहत नाही आणि टाके सुटतात. शिवाय फास बॉबिनभोवती फिरविण्यास जेवढा दोरा ओढला जातो, त्याचा अल्प अंशच टाक्यात खर्ची पडतो. उरलेला परत वर जातो. त्यामुळे दोऱ्याचा प्रत्येक भाग शिवणीत बसण्यापूर्वी नेढ्यातून अनेक वेळा येजा करतो. नेढे अरुंद असल्यास त्याची शक्ती तेथेच क्षीण होते.

आता कापडाकडे वळू. दोरा जितका बळकट तितका चांगला, हा समज मला घातक वाटतो. ताण आल्यास आधी शिवण उसवावी, कापड फाटू नये. कारण उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. पातळ सुती पोलक्यास जाड पॉलिएस्टर दोरा व १६ क्रमांकाची सुई वापरली, टाकेही बारीक घेतले, तर पोस्टाच्या तिकिटांमधील छिद्रांप्रमाणे ओळ तयार होते आणि मुंढ्यापाशी कापडच फाटते. मग आत ठेवलेल्या मायेचा काय उपयोग? अशा कापडास बारीक सुती दोरा व ११ क्रमांकाची सुई पुरेशी आहे. पॉलिएस्टरचेच रीळ हाती असेल तर ते अधिक बारीक क्रमांकाचे घ्यावे.

मिश्र कापडाची गोष्ट वेगळी. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यातील शालेय गणवेशांच्या शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे सोपविण्यात आले होते. पुढे ती जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. असे काम घरच्या यंत्रावर करणाऱ्या स्त्रीस दोऱ्याचे ज्ञान असणे हा तिच्या मजुरीचाच प्रश्न होय, कारण परत आलेला कपडा पुन्हा शिवण्याचे दाम कोणी देत नाही. पॉलिएस्टरमिश्रित कापड धुतल्यावर फारसे आटत नाही, सुती दोरा मात्र आटतो आणि शिवणीवर चुण्या पडतात. तेथे पॉलिएस्टर दोरा व १४ क्रमांकाची सुई हीच योग्य जोडी.

टी-शर्टसारख्या होजियरीच्या कापडास क्रमांकाइतकेच सुईचे टोकही महत्त्वाचे असते. तीक्ष्ण टोक विणीचा फासा छेदते आणि दोष धुतल्यानंतर उघडकीस येतो. गोल टोकाची सुई धागे बाजूस सारून मार्ग काढते.

आपल्या जिल्ह्यात कापूस वेचताना कमरेस जी ओटी बांधतात, ती मांजरपाटाची शिवावयाची झाल्यास सारा भार कोपऱ्यांवर येतो. येथे जाड दोरा, १६ किंवा १८ क्रमांकाची सुई व लांब टाका हवा. चार पदर एकत्र येतात तेथे सुई वाकण्याचा संभव असल्याने चाक हाताने फिरवावे.

जोडी जमली की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. यंत्राबाहेर सुईच्या नेढ्यातून वीतभर दोरा ओवून तो दोन्ही हातांत तिरपा ताणून धरावा. सुई आपल्या वजनाने सावकाश खाली घसरली तर जोडी ठीक. अडून राहिली तर सुई एका क्रमांकाने वाढवावी आणि सर्रकन खाली आली तर एका क्रमांकाने कमी करावी.