एका वेलांटीचे औषध

यंदा वसुबारसेच्या दिवशी आई चकल्या पाडायला बसली, पण पाटावरून तिला उठवेना. गुडघे सुजले होते. डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन लिहून दिले. "एवढीशी गोळी ती काय करणार?" आई म्हणाली.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक! शब्दांची कुळकथा शोधण्याची खोड. म्हटले, या गोळीचीही शोधावी.

ती निघाली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. संधिवाताला लागणारे अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस पोटाला सोसत नसत. म्हणून बूट्स कंपनीचे स्टुअर्ट अ‍ॅडम्स १९५३ पासून नव्या औषधाच्या मागे लागले. जॉन निकल्सन संयुगे घडवीत, अ‍ॅडम्स ती पारखीत. सहाशेंहून अधिक संयुगे झाली! आयब्युफेनॅक तर बाजारातही आले, पण यकृताला अपाय होतो म्हणून मागे घ्यावे लागले.

१९६१ मध्ये घडविलेले आयब्युप्रोफेन १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये मिळू लागले. दोहोंत फरक केवढा? एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणू अधिक, एवढाच! 'दिन' आणि 'दीन' यांत वेलांटीचाच फरक असतो, तसा.

सूज आणि वेदना वाढविणारी प्रोस्टाग्लँडिने शरीरात तयार होतात. ही गोळी त्यांना आवर घालते. पण त्यांतलीच काही जठराचे रक्षणही करतात. म्हणून डॉक्टरांनी बजावले होते, "उपाशीपोटी नको, आणि मनानेही घेऊ नका."

सूज उतरली, झिजलेला गुडघा काही नवा झाला नाही. आता आई खुर्चीवर बसून सांगते, आणि सोऱ्या माझ्या हाती आहे!