धुतलेल्या धुराचे धुवण जाते कुठे?
मालवाहू जहाजांचा धूर, नवे तंत्रज्ञान आणि आपला समुद्र

कांदिवलीचे नाव निघाले की डोळ्यांपुढे रेल्वेची गर्दी आणि उंच इमारती उभ्या राहतात; समुद्र सहसा आठवत नाही. वस्तुतः समुद्र येथून दूर नाही. चारकोपची खारफुटी ओलांडली की खाडी लागते आणि खाडीपलीकडे मनोरी, गोराई, उत्तन ही आपल्या ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी बांधवांची गावे आहेत. पावसाळा सरून हवा निवळली की तेथील किनाऱ्यावरून क्षितिजावर मालवाहू जहाजे संथपणे जाताना दिसतात. काही मुंबई किंवा न्हावा-शेवा बंदराकडे निघालेली असतात, तर काही गुजरातच्या बंदरांकडे. आपल्या कित्येक कुटुंबांतील तरुण अशाच जहाजांच्या इंजिनघरात आणि डेकवर घाम गाळीत आहेत. त्यामुळे जहाज पाहणे ही आपल्याकडे केवळ करमणूक नाही. त्यात आपुलकी आहे आणि काळजीही आहे.

अलीकडच्या वर्षांत या जहाजांच्या धुराविषयी 'स्वच्छ तंत्रज्ञान' हा शब्द वारंवार कानी पडतो. हे तंत्रज्ञान नेमके काय आहे, त्याने हवा स्वच्छ होते का, आणि धुरातून काढलेली घाण शेवटी कुठे जाते, हे आपण या लेखात समजून घेऊ या.

जहाजाचे इंधन

मोठी जहाजे बहुतांशी जड तेलावर चालत आली आहेत. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे हलके भाग काढून घेतल्यावर जो गाळ उरतो, त्यापासून हे तेल तयार होते. ते डांबरासारखे दाट असते. तापवल्याशिवाय नळीतून वाहत नाही. त्यात गंधक मोठ्या प्रमाणात असते. गंधक जळाले की सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार होतो. तो श्वसनमार्गाला त्रास देतो, दम्याचा विकार बळावतो, आणि हवेतील बाष्पाशी संयोग झाला की आम्लपर्जन्य होते.

तुलनेसाठी आपल्या रस्त्यांकडे पाहू. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकानुसार वाहनांच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे केवळ १० भाग चालतात. जहाजांच्या इंधनात मात्र २०१९ अखेरपर्यंत साडेतीन टक्के, म्हणजे दहा लाखांत ३५,००० भाग गंधकाला परवानगी होती. आपल्या बसच्या डिझेलच्या साडेतीन हजार पट!

२०२० चा नियम

संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली. या एका नियमामुळे जहाजांतून निघणारी गंधकाची ऑक्साइडे सुमारे ७७ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला सुमारे ८५ लाख टनांनी घटतील, असा संघटनेचा अंदाज होता. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेचा किनारा येथे तर २०१५ पासूनच एक दशांश टक्क्याची कडक मर्यादा आहे. १ मे २०२५ पासून ती भूमध्य समुद्रालाही लागू झाली. आपल्या अरबी समुद्रात अद्याप जागतिक मर्यादा, म्हणजे अर्धा टक्काच लागू आहे.

नियम पाळण्याचे मार्ग अनेक आहेत. जहाजमालकाने कमी गंधकाचे महाग तेल विकत घ्यावे. किंवा द्रवरूप नैसर्गिक वायू, मिथेनॉल अशा वेगळ्या इंधनावर चालणारे जहाज बांधावे. किंवा जुनेच स्वस्त तेल जाळावे, पण धूर बाहेर पडण्यापूर्वी तो धुऊन काढावा. या शेवटच्या मार्गाला नियमाने मुभा दिलेली आहे. धूर धुणाऱ्या यंत्राला स्क्रबर म्हणतात. आज जगातील पाच हजारांहून अधिक जहाजांवर स्क्रबर बसवलेले आहेत.

स्क्रबर कसा चालतो?

स्क्रबर म्हणजे जहाजाच्या धुराड्यात बसवलेली उंच टाकी. इंजिनाचा धूर तिच्यातून वर जात असताना त्यावर पाण्याचे फवारे सोडले जातात. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, काजळीचे काही कण पाण्याबरोबर खाली येतात आणि उरलेला धूर वरून बाहेर पडतो.

यातील सर्वाधिक वापरात असलेला प्रकार 'खुल्या चक्रा'चा. यात समुद्राचेच पाणी पंपाने वर घेतले जाते. हे पाणी निसर्गतः किंचित अल्कधर्मी असल्याने आम्ल शोषून घेते. धूर धुऊन झाला की ते पाणी पुन्हा समुद्रात सोडले जाते. 'बंद चक्रा'च्या प्रकारात कॉस्टिक सोडा मिसळलेले तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवले जाते, घाण गाळाच्या रूपाने टाकीत साठवून बंदरावर उतरवली जाते आणि बाहेर सोडावे लागणारे पाणी अगदी थोडे असते. काही जहाजांवर दोन्हींची सोय असते.

आपल्या घरात तांदूळ धुतल्यावर धुवण निघते, तसे हे धुराचे धुवण. खुल्या चक्रात ते किती निघते? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत इंजिनाच्या दर मेगावॉट-तासाला ४५ टन पाणी हा हिशेब धरलेला आहे. म्हणजे १० मेगावॉट शक्तीने चाललेले जहाज तासाला सुमारे ४५० टन धुवण सोडते. मुंबईत सोसायट्यांना पाणी पुरवणारे दहा हजार लिटरचे टँकर डोळ्यांपुढे आणले, तर दर तासाला पंचेचाळीस टँकर! हे पाणी आम्लयुक्त असते. त्यात व्हॅनेडियम, निकेल यांसारखे धातू आणि अर्धवट जळालेल्या तेलातील घातक संयुगे असतात.

सरोवरांचे उदाहरण

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील पंचमहासरोवरांत धान्य आणि लोहखनिज वाहणारी प्रचंड जहाजे चालतात. डुलुथसारख्या बंदरात ती किनाऱ्याच्या इतक्या जवळून जातात की, जहाजे पाहण्यासाठी लोक मुद्दाम जमतात. तेथील एका कॅनेडियन कंपनीने २०१३ साली 'अल्गोमा इक्विनॉक्स' हे सुमारे २२५ मीटर लांबीचे जहाज स्क्रबरसह सेवेत आणले. हा स्क्रबर गोड्या पाण्यावर चालणारा, बंद चक्राचा आहे. सरोवराच्या गोड्या पाण्यात समुद्राइतके आम्ल शोषण्याची शक्ती नसते, म्हणून तेथे वरून अल्क घालून तेच पाणी फिरवावे लागते. शिवाय या सरोवरांचे पाणी कोट्यवधी लोक पितात.

यातून आपणांस एक गोष्ट शिकता येते. पाणी आपण स्वतः पिणार असू, तर त्यात काय सोडले जाते याची आपण काळजी घेतो. समुद्राचे पाणी कोणी पीत नाही, म्हणून तेथे ही काळजी सैल होते. परंतु त्या पाण्यातील मासळी आपल्या ताटात येते, हे विसरून कसे चालेल?

किनाऱ्यावरून काय ओळखता येते?

काळा धूर दिसला की इंधन नीट जळत नाही, असे समजावे. पांढरा, दाट धूर निघत असेल, तर ती पुष्कळदा स्क्रबरमधील पाण्याची वाफ असते. धुराडे जहाजाच्या मानाने अवाढव्य आणि चौकोनी दिसले, तर तेथे स्क्रबर असण्याची शक्यता असते. मात्र सल्फर डायऑक्साइडला रंग नाही आणि समुद्रात सोडलेले धुवण किनाऱ्यावरून दिसत नाही. म्हणून धूर पांढरा दिसला, तेवढ्यावरून जहाज निर्मळ ठरत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा ते किनाऱ्यावर आणि खारफुटीत डोळ्यांना दिसले आणि सारे शहर हळहळले. धुवणाचे प्रदूषण तसे नाही. ते रोजचे, थोडे थोडे आणि अदृश्य असते. बोंबील, मांदेली, कोळंबी यांच्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्या मच्छीमार कुटुंबांना त्याची झळ लागली, तरी बोट कोणाकडे दाखवायचे?

समुद्र अफाट आहे, त्यात हे पाणी विरून जाते, असे जहाज कंपन्यांचे म्हणणे असते. खोल समुद्राबाबत त्यात काही तथ्य असेलही. पण बंदरे आणि खाड्यांच्या उथळ पाण्यात रोज अनेक जहाजे येतात. युरोपात झालेल्या प्रयोगांत या धुवणाचा सूक्ष्म प्राणिप्लवकांवर दुष्परिणाम आढळला आहे, आणि मासळीचे अन्न तर तेच आहे. म्हणूनच सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून आपल्या बंदरात खुल्या चक्राचे पाणी सोडण्यास मनाई केली. डेन्मार्क आणि स्वीडन यांनीही १ जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत तशी बंदी घातली.

आपल्यापुढील प्रश्न

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे उभारल्या जाणाऱ्या महाबंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात नऊ कंटेनर टर्मिनले होणार आहेत. स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला आहे. बंदराच्या बाजूने रोजगाराची आशा आहे, हेही खरे. परंतु बंदर झाले की या किनाऱ्यावरील जहाजांची वर्दळ वाढणार, यात शंका नाही. तेव्हा या जहाजांच्या धुवणाबाबत कोणता नियम असेल आणि तो कोण तपासील, हे आजच विचारणे आवश्यक आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या परिपत्रात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश वेगळे करता येत नाहीत, अशी शिकवण दिली. सामाईक घरात आपल्या खोलीतला केर झाडून दुसऱ्याच्या दारात लोटणे म्हणजे स्वच्छता नव्हे. हवेतील गंधक काढून ते कोळ्याच्या जाळ्याखालच्या पाण्यात सोडणे हे अर्धेच काम झाले. जहाजात मुळातच स्वच्छ इंधन भरणे, निदान बंदरे आणि खाड्यांजवळ खुले चक्र बंद ठेवणे, हा अधिक प्रामाणिक मार्ग होय. त्याचा खर्च येतो आणि तो अखेरीस मालाच्या किमतीत, म्हणजे आपल्याच खिशात उतरतो. तो सोसण्याची आपली तयारी आहे का, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

१९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले ख्रिस्तसभेचे खलाशी सेवाकार्य आज 'स्टेला मारिस', म्हणजेच सागरतारा, या नावाने ओळखले जाते. दरवर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपण सागर रविवार पाळतो. त्या दिवशीच्या मिस्सेत खलाशांसाठी प्रार्थना करताना किनाऱ्यावरील मच्छीमारांनाही आठवावे. धर्मग्रामातील युवकांनी या दोन्ही घरांतील माणसांना एकत्र बसवावे: एक, जो जहाजाच्या इंजिनघरात काम करतो, दुसरा, जो त्याच समुद्रात जाळे टाकतो. धुवण कुठे जाते, हे पहिल्याला ठाऊक असते. ते कोणाला भोवते, हे दुसरा सांगू शकतो. पवित्र मरिया, सागराची तारका, या दोघांनाही सुखरूप घरी आणो.